लिनक्स गाभा

लिनक्स गाभा : संगणकाची यंत्रसामग्री आणि तीवर चालणाऱ्या आज्ञावल्या यांच्यामध्ये राहून यंत्रसामग्रीचे वाटप, संरक्षण व नियमन करणाऱ्या परिचालन प्रणालीच्या सर्वांत आतील भागास गाभा किंवा कर्नल असे म्हणतात. केळीच्या खोडाची सोपटे एकामागून एक काढीत गेल्यास अखेरीस जो भाग हाती लागतो त्यासही गाभा म्हणतात. पडद्यावरील चित्रे, अक्षरे व खिडक्या यांची आवरणे दूर केल्यावर परिचालन प्रणालीत जे उरते ते याच अर्थाने तिचा गाभा होय. लिनक्स हा अशा गाभ्यांपैकी सर्वाधिक प्रसार पावलेला गाभा असून तो लिहिण्यास फिनलंडमधील हेल्सिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रारंभ केला. त्याची मूळ संहिता, म्हणजेच सोर्स कोड, कोणासही वाचता, बदलता व वाटता येते, हे त्याचे वैशिष्ट्य आहे.

मर्यादित साधनांचे अनेकांमध्ये वाटप करणे, हे गाभ्याचे मुख्य कार्य आहे. खानदेशातील फड पद्धतीशी त्याची तुलना केल्यास ते सहज लक्षात येते. धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीच्या व नासिक जिल्ह्यातील मोसम, आराम या नद्यांच्या खोऱ्यांत नदीवर बंधारा घालून, पाटाने पाणी आणून ते सामुदायिक रीत्या वाटण्याची ही पद्धती काही शतके चालत आली. बंधाऱ्याखालील जमीन बहुधा चार फडांत विभागलेली असे. एका फडात एका हंगामात एकच पीक घेतले जाई व फडांतील पिकांची दरवर्षी फेरपालट होई. पाणी सोडण्याचे काम शेतकऱ्यांनी नेमलेला पाटकरी करी आणि त्याच्यावर पंचांची देखरेख असे. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात असल्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर त्याची झळ सर्वांना सारखी बसे. वाटपाचे नियम सर्वांना ठाऊक असत. पाटकऱ्याने पाणी अमुक वेळी का बंद केले, हे कोणीही विचारू शके आणि त्याचे उत्तर नियमांतच असे. लिनक्सच्या इतिहासात वाटपाच्या नियमांचा हा खुलेपणाच मध्यवर्ती प्रश्न ठरला.

कार्य : गाभ्याच्या कार्याचे चार भाग पाडता येतात.

(१) पाळी : संगणकाचा प्रोसेसर एका वेळी एकच आज्ञा पाळतो. अनेक प्रोसेसर एकत्र बसविलेल्या यंत्रातही त्यांची संख्या चालू असलेल्या आज्ञावल्यांच्या मानाने थोडीच असते. तरीही वापरणाऱ्यास अनेक कामे एकाच वेळी चालू असल्याचा भास होतो, कारण गाभा प्रत्येक कामास क्षणभराची पाळी देऊन लगेच दुसऱ्याकडे वळतो. चालू असलेल्या प्रत्येक कामास प्रक्रिया म्हणतात. यंत्रातील घड्याळ ठराविक काळाने प्रोसेसरला व्यत्यय-संकेत देते. लिनक्सच्या आरंभीच्या आवृत्त्यांत वैयक्तिक संगणकावर असे संकेत सेकंदाला १०० वेळा येत. संकेत येताच चालू प्रक्रिया थांबते, तिची अवस्था नोंदली जाते आणि पुढची पाळी कोणाची हे गाभा ठरवितो. त्यामुळे एखाद्या आज्ञावलीने प्रोसेसर सोडण्याचे नाकारले, तरी तिला तो अडवून ठेवता येत नाही.

(२) स्मृती : प्रत्येक प्रक्रियेस संगणकाची स्मृती आपल्या एकटीचीच आहे असे भासविले जाते. प्रत्यक्षात स्मृतीचे लहान तुकडे पाडलेले असतात. त्यांना पृष्ठे म्हणतात व सर्वसाधारण वैयक्तिक संगणकावर एक पृष्ठ ४,०९६ बाइटांचे असते. कोणत्या प्रक्रियेचे कोणते पृष्ठ प्रत्यक्ष स्मृतीत कोठे आहे याची कोष्टके गाभा राखतो. एका प्रक्रियेने दुसरीच्या पृष्ठास हात घालण्याचा प्रयत्न केल्यास यंत्रसामग्रीच तो प्रयत्न थांबविते व गाभ्यास कळविते. स्मृती अपुरी पडू लागल्यास फारशी न लागणारी पृष्ठे चकतीवर हलविली जातात. तेवढ्यानेही न भागल्यास गाभा एखादी मोठी प्रक्रिया निवडून ती बंद करतो. फड पद्धती व गाभा यांतील एक महत्त्वाचा भेद येथे दिसतो. टंचाईचा भार फडात सर्वांवर विभागला जाई. येथे मात्र इतर तगावेत म्हणून एकाचा बळी दिला जातो.

(३) सीमा : प्रोसेसरमध्ये अधिकाराच्या पायऱ्या असतात. गाभा सर्वोच्च अधिकाराने चालतो, तर इतर आज्ञावल्या मर्यादित अधिकाराने चालतात. चकतीवर लिहिणे, पडद्यावर अक्षर उमटविणे, जाळ्यावरून संदेश पाठविणे यांसाठी आज्ञावलीस गाभ्याकडे विनंती करावी लागते. अशा विनंतीस सिस्टिम कॉल म्हणतात. विनंती करणाऱ्यास तो अधिकार आहे की नाही हे पाहूनच गाभा ते काम करतो. शेतकऱ्याने स्वतः चारी न फोडता पाटकऱ्याकडे पाणी मागावे, तसाच हा प्रकार आहे.

(४) साधने व फाइली : कळफलक, छपाईयंत्र, चकती, जाळ्याची पट्टी अशी नाना कारखान्यांत तयार झालेली साधने एकमेकांहून भिन्न असतात. प्रत्येकाशी बोलण्याची रीत जाणणारा गाभ्याचा भाग म्हणजे त्या साधनाचा ड्रायव्हर. लिनक्सच्या मूळ संहितेचा सर्वांत मोठा वाटा अशा ड्रायव्हरांचाच आहे. आज्ञावलीस मात्र हा भेद जाणवू दिला जात नाही. उघडणे, वाचणे, लिहिणे व बंद करणे या मोजक्या विनंत्यांनी ती चकतीवरील फाइल आणि छपाईयंत्र यांच्याशी सारख्याच रीतीने व्यवहार करते. ही कल्पना लिनक्सने युनिक्स या जुन्या प्रणालीकडून घेतली.

पूर्वपीठिका : युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन टॉम्सन व डेनिस रिची हे तिचे प्रमुख कर्ते होत. १९७३ मध्ये ती सी या भाषेत पुन्हा लिहिण्यात आल्यामुळे एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेणे सोपे झाले. प्रयोगशाळेची मालक असलेली एटी अँड टी ही दूरध्वनी कंपनी १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीने बांधलेली होती आणि तिला संगणकांचा व्यापार करता येत नव्हता. साहजिकच युनिक्स विद्यापीठांना अल्प मोबदल्यात मूळ संहितेसह देण्यात आली. विद्यार्थी ती वाचू लागले, तीतील चुका शोधू लागले आणि सुधारणा परत पाठवू लागले. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या गाभ्यावर १९७६-७७ च्या सुमारास ओळीओळीचे भाष्य लिहिले. परिचालन प्रणाली शिकण्याचे ते एक उत्तम साधन ठरले.

ही स्थिती फार काळ टिकली नाही. १९७९ मधील सातव्या आवृत्तीच्या परवान्याने मूळ संहिता वर्गात शिकविण्यास मनाई केली. लायन्स यांचे भाष्यही उघडपणे छापणे अशक्य झाले व पुढील सुमारे दोन दशके त्याच्या छायाप्रतींच्या छायाप्रती हातोहात फिरत राहिल्या. १९८४ मध्ये एटी अँड टीचे विभाजन होऊन तिच्यावरील व्यापारबंदी उठली आणि युनिक्स ही पूर्णपणे विक्रीची वस्तू बनली. ज्या नियमांनुसार यंत्राचे वाटप चालते ते नियम वाचण्याचा मार्ग अशा प्रकारे विद्यार्थ्यांना बंद झाला.

या अडचणीतून दोन निरनिराळे प्रयत्न पुढे आले. ॲम्स्टरडॅममधील व्रिए विद्यापीठाचे प्राध्यापक अँड्रू टॅनेनबाम यांनी १९८७ मध्ये केवळ अध्यापनासाठी मिनिक्स नावाची छोटी प्रणाली लिहून तिची संहिता पाठ्यपुस्तकाबरोबर प्रसिद्ध केली. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत काम केलेले रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू या संपूर्ण मुक्त प्रणालीची घोषणा केली. संहिता वाचणे, बदलणे व वाटणे हा वापरणाऱ्याचा हक्क आहे, अशी त्यांची भूमिका होती. तो हक्क टिकावा म्हणून त्यांनी १९८९ मध्ये सर्वसाधारण सार्वजनिक परवाना सिद्ध केला व त्याची दुसरी आवृत्ती जून १९९१ मध्ये निघाली. या परवान्याखालील आज्ञावलीत कोणीही बदल करू शकतो, परंतु बदललेली आज्ञावली इतरांना देताना तिची संहिताही त्याच अटींवर द्यावी लागते. सर्वांच्या मालकीच्या पाटावर कोणी नवी चारी काढली, तर तीही सर्वांच्याच मालकीची राहावी, असा या अटीचा आशय आहे. ग्नू प्रकल्पात भाषांतरक, संपादक व इतर अवजारे तयार झाली होती. गाभा मात्र तयार नव्हता.

उदय : टोरव्हाल्ड्स यांनी जानेवारी १९९१ मध्ये इंटेल ३८६ जातीचा प्रोसेसर असलेला संगणक विकत घेतला. मिनिक्सच्या मर्यादा जाणवल्यामुळे त्यांनी त्या प्रोसेसरच्या क्षमता अजमावीत स्वतःचा गाभा लिहावयास घेतला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्यांनी मिनिक्स वापरणाऱ्यांना आपल्या कामाची माहिती दिली आणि ते केवळ छंद म्हणून चालले असल्याचे कळविले. त्या वेळी त्यांचे वय २१ वर्षे होते. सप्टेंबरात बाहेर पडलेल्या पहिल्या आवृत्तीची संहिता सुमारे १०,००० ओळींची होती.

आरंभीच्या परवान्यानुसार लिनक्सच्या प्रतींसाठी पैसे घेण्यास बंदी होती. फ्लॉपी चकत्यांचा व त्या नकलण्याचा खर्चही त्यामुळे वसूल करता येत नसे आणि ज्यांच्यापाशी जाळ्याची जोडणी नाही त्यांच्यापर्यंत गाभा पोहोचविणे अवघड होते. १९९२ च्या आरंभी टोरव्हाल्ड्स यांनी ही अट काढून लिनक्स ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आणला. याचे दोन परिणाम झाले. एक म्हणजे प्रती विकण्यास मोकळीक मिळाली, परंतु संहिता झाकून ठेवण्यास मिळाली नाही. दुसरे म्हणजे ग्नूची अवजारे व लिनक्सचा गाभा एकत्र येऊन पूर्ण प्रणाली उभी राहिली. १४ मार्च १९९४ रोजी १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत १,७६,२५० ओळी होत्या.

जानेवारी १९९२ मध्ये टॅनेनबाम यांनी लिनक्सच्या रचनेवर आक्षेप घेतला. गाभा शक्य तितका लहान असावा आणि फाइली, साधने इत्यादींची व्यवस्था त्याच्या बाहेर, मर्यादित अधिकारांच्या स्वतंत्र प्रक्रियांकडे सोपवावी, असे त्यांचे मत होते. त्या रचनेत एका भागातील बिघाडाने संपूर्ण यंत्र बंद पडण्याचा संभव कमी होतो. लिनक्समध्ये हे सर्व भाग एकाच अखंड गाभ्यात असून सर्वोच्च अधिकाराने चालतात. अशा रचनेत आतील भाग एकमेकांशी थेट बोलत असल्याने काम जलद होते, असे टोरव्हाल्ड्स यांचे उत्तर होते. हा वाद सैद्धांतिक दृष्ट्या पूर्णपणे मिटलेला नाही. व्यवहारात लिनक्सने १९९५ पासून चालू गाभ्यातच जोडता वा काढता येणाऱ्या सुट्या भागांची सोय करून मधला मार्ग काढला. मात्र असा सुटा भाग एकदा जोडला की तोही सर्वोच्च अधिकारानेच चालतो. त्यामुळे टॅनेनबाम यांच्या मूळ आक्षेपाचे त्याने निरसन होत नाही.

व्यवस्था व वाद : लिनक्सच्या गाभ्यात २०२० च्या सुमारास पावणेतीन कोटींहून अधिक ओळी होत्या. एवढी संहिता एका व्यक्तीस सांभाळता येत नाही. गाभ्याच्या प्रत्येक विभागास एक वा अनेक पालक नेमलेले असतात. बदल सुचविणाऱ्याने तो प्रथम त्या पालकाकडे पाठवावयाचा, तेथे इतरांनी तो तपासावयाचा व मान्य झाल्यास वरच्या पातळीवर पाठवावयाचा, असा क्रम आहे. अखेरची संमती टोरव्हाल्ड्स देतात. साधारणपणे ९ ते १० आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. तिचे पहिले दोन आठवडे नवे बदल सामावून घेण्यासाठी व उरलेला काळ दोष काढण्यासाठी राखलेला असतो. २००३ मध्ये एससीओ या कंपनीने लिनक्समध्ये आपली संहिता शिरल्याचा दावा न्यायालयात केला. त्यानंतर २००४ पासून बदल पाठविणाऱ्या प्रत्येकाने तो देण्याचा आपणास अधिकार असल्याचे स्वतःच्या नावानिशी नोंदविण्याची पद्धत सुरू झाली. बदलांची नोंद ठेवण्यासाठी २००२ पासून वापरात असलेल्या एका खाजगी आज्ञावलीचा विनामूल्य वापर २००५ मध्ये बंद झाला, तेव्हा टोरव्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट ही नवी आज्ञावली लिहिली. कोणती ओळ, कोणी, केव्हा व कोणत्या कारणास्तव बदलली हे तिच्या साहाय्याने कोणासही पाहता येते.

ही व्यवस्था संघर्षापासून मुक्त नाही. पाळी कशी द्यावी या प्रश्नावर झालेला वाद त्याचे एक उदाहरण होय. मोठ्या सेवा-संगणकांवर एकूण काम जास्तीत जास्त व्हावे याला महत्त्व असते. घरगुती संगणकावर मात्र कळ दाबताच अक्षर उमटावे अशी अपेक्षा असते. ऑस्ट्रेलियातील कॉन कोलिव्हास हे व्यवसायाने भूलतज्ज्ञ. त्यांनी घरगुती वापरणाऱ्यांची गैरसोय लक्षात घेऊन पाळीच्या समन्यायी वाटपाच्या आज्ञावल्या लिहिल्या. गाभ्यात त्यांची आज्ञावली घेण्यात आली नाही. हंगेरीचे इंगो मोल्नार यांनी समन्यायी वाटपाच्याच तत्त्वावर लिहिलेली दुसरी आज्ञावली ऑक्टोबर २००७ मध्ये २.६.२३ या आवृत्तीत समाविष्ट झाली. कोलिव्हास यांच्या कामाचे ऋण मोल्नार यांनी मान्य केले, तथापि कोलिव्हास यांनी त्यानंतर काही काळ गाभ्याचे काम सोडले. नव्या पद्धतीत प्रत्येक प्रक्रियेने आजवर किती काळ प्रोसेसर वापरला याचा हिशेब ठेवला जाई आणि ज्या प्रक्रियेच्या वाट्याला सर्वांत कमी काळ आला असेल तिला पुढची पाळी मिळे. महत्त्वाच्या कामांचा काळ हळू मोजून त्यांना अधिक वाटा देण्याचीही सोय होती. सोळा वर्षांनंतर, ऑक्टोबर २०२३ मधील ६.६ या आवृत्तीत, तिची जागा आणखी एका पद्धतीने घेतली. तीत वाट्याबरोबरच काम किती लवकर व्हावयास हवे याचाही विचार होतो. वाटप न्याय्य असावे यावर एकमत असले, तरी न्याय्य वाटप कशास म्हणावे याबद्दल मतभेद राहतात, हे या प्रकरणावरून दिसते. हे मतभेद सर्वांसमोर घडले व त्यांतील प्रत्येक युक्तिवाद आजही वाचता येतो.

भारत व मराठी : लिनक्सचा जन्म झाला त्या काळात खानदेशात उच्च शिक्षणाची नवी व्यवस्था उभी राहत होती. पुणे विद्यापीठापासून अलग होऊन जळगाव येथे १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ मध्ये त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी उपलब्ध झाले, तेही प्रथम मोजक्या महानगरांतच. दूरच्या गावी जाळ्यावरून संपूर्ण प्रणाली उतरवून घेणे त्या वेळी व्यवहार्य नव्हते. अशा काळात पीसीक्वेस्ट या इंग्रजी मासिकाने अंकाबरोबर लिनक्सच्या तबकड्या दिल्या. एक तबकडी कितीही संगणकांवर वापरण्यास व तिच्या प्रती काढून देण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. १९९२ मध्ये परवान्यात केलेल्या बदलाचे महत्त्व येथे स्पष्ट होते. पैसे घेण्यास बंदी कायम राहिली असती, तर मासिकाबरोबर तबकडी विकणे शक्य झाले नसते.

गाभा व लिपी यांचा संबंधही पाहण्यासारखा आहे. लिनक्सचा गाभा फाइलीचे नाव कोणत्या भाषेत आहे हे पाहत नाही. त्याच्या दृष्टीने नाव ही बाइटांची रांग असून तिरपी रेघ व शून्य या दोन बाइटांखेरीज कोणताही बाइट तीत चालतो. केन टॉम्सन व रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये युटीएफ-८ ही संकेतपद्धती रचताना याच गोष्टीचा उपयोग केला. जगातील सर्व लिप्यांची अक्षरे तीत अशा रीतीने लिहिली जातात की, रोमनेतर अक्षराच्या संकेतात तिरपी रेघ वा शून्य कधीच येत नाही. त्यामुळे गाभ्यात बदल न करता देवनागरी नावे वापरता आली. देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हास या पद्धतीत तीन बाइट लागतात. काने, मात्रा व उकारही येथे स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजले जातात. ‘धुळे’ या नावात चार चिन्हे असल्याने त्यास १२ बाइट आणि ‘जळगाव’ या नावात पाच चिन्हे असल्याने त्यास १५ बाइट लागतात. रोमन लिपीत लिहिलेल्या जळगावास ७ बाइट पुरतात. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल-व्यवस्थांत नावाची कमाल मर्यादा २५५ बाइटांची असल्यामुळे रोमन लिपीत २५५ अक्षरांचे नाव देता येते, देवनागरीत मात्र ८५ चिन्हांचेच. गाभ्याची तटस्थता व लिप्यांमधील समानता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येते.

जोडाक्षरे नीट जुळवून पडद्यावर उमटविणे हे गाभ्याचे काम नव्हे. गाभ्याच्या स्वतःच्या साध्या अक्षरपटावर एका वेळी जास्तीत जास्त ५१२ आकृत्याच राहू शकतात, आणि देवनागरीच्या जोडाक्षरांची जुळणी तेथे होत नाही. ते काम वरच्या थरांतील आज्ञावल्या व मुद्राक्षरसंच करतात. तेही मुक्त परवान्याखाली उपलब्ध असल्याने भारतीय भाषांसाठी त्यांत भर घालणे शक्य झाले. लिनक्सवर चालणाऱ्या नोम व केडीई या पडदा-व्यवस्थांची मराठी भाषांतरे झाली. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, या संस्थेने २००७ मध्ये बॉस ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली प्रसिद्ध केली व तीत मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय केली. शासकीय संगणकव्यवस्थेत मुक्त आज्ञावल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण भारत सरकारने २०१५ मध्ये जाहीर केले. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत आणि नासिक जिल्ह्याच्या काही भागांत बोलली जाणारी अहिराणी देवनागरीतच लिहिली जाते, म्हणून गाभ्याच्या दृष्टीने अहिराणी मजकूर व मराठी मजकूर यांत काही अंतर नाही. वरच्या थरांतील सूचना अहिराणीत आणावयाच्या झाल्यास कोणत्याही कंपनीची परवानगी घ्यावी लागत नाही. बाजाराच्या हिशेबात ज्या भाषेचे स्थान लहान आहे तिच्या दृष्टीने ही मोकळीक मोलाची आहे. मात्र भाषांतराचे काम करणारी माणसे त्या भाषेलाच पुरवावी लागतात.

प्रसार : लिनक्स गाभा वापरणारा अँड्रॉइड प्रणालीचा पहिला दूरध्वनी २००८ मध्ये बाजारात आला. तेव्हापासून हा गाभा अशा कोट्यवधी लोकांच्या खिशात पोहोचला आहे, ज्यांनी त्याचे नावही ऐकलेले नाही. केळीचे वा कापसाचे भाव दूरध्वनीवर पाहणारा रावेरचा किंवा शिरपूरचा शेतकरी बहुधा लिनक्सच वापरीत असतो. दुसऱ्या टोकास महासंगणक आहेत. जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीतील सर्व संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आले आहेत. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये कार्यान्वित झालेला ‘प्रत्यूष’ हा संगणक त्यांपैकीच एक होता. पावसाच्या अंदाजासाठी त्याचा उपयोग झाला. त्याच संस्थेत सप्टेंबर २०२४ मध्ये ‘अर्क’ या अधिक शक्तिमान संगणकाचे उद्‌घाटन झाले.

मर्यादा व मूल्यमापन : संहिता खुली असल्यामुळे ती आपोआप निर्दोष होत नाही. २०१६ मध्ये उघडकीस आलेला एक गंभीर दोष गाभ्यात सुमारे नऊ वर्षे राहिला होता. त्याच्या आधारे मर्यादित अधिकार असलेल्या व्यक्तीस केवळ वाचण्यासाठी असलेल्या फाइलीत लिहिता येत असे. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरच्या रचनेतीलच उणिवा जाहीर झाल्या व गाभ्याच्या स्मृतीभोवतीची सीमा नव्याने बांधावी लागली. त्यामुळे काही कामांचा वेग घटला. डिसेंबर २०२२ मधील ६.१ या आवृत्तीपासून स्मृतीच्या हाताळणीतील चुका टाळण्यास साहाय्य करणाऱ्या रस्ट या भाषेस गाभ्यात प्रवेश मिळाला, आणि तिच्या वापरावरूनही पालकांमध्ये तीव्र मतभेद झाले.

आर्थिक बाजूही विचारात घेणे आवश्यक आहे. आरंभी हौशी विद्यार्थ्यांच्या श्रमांवर उभा राहिलेला हा गाभा पुढे मुख्यतः मोठ्या कंपन्यांच्या पगारी तंत्रज्ञांनी वाढविला. कंपन्यांना ज्या विभागांत रस नसतो त्यांचे पालकत्व थोड्या व्यक्तींवर येऊन पडते. कोणीच न उरल्यास तो विभाग प्रथम दुर्लक्षित होतो व अखेरीस काढून टाकला जातो. तसेच गाभ्याची संहिता मिळण्याचा हक्क असला, तरी अनेक दूरध्वनींत ती बदलून पुन्हा बसविण्याची वाट निर्मात्यांनी बंद केलेली असते. अशा यंत्रात नियम वाचता येतात, परंतु ते बदलता येत नाहीत.

पांझराकाठच्या अनेक बंधाऱ्यांवरील फड विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोडले. नदीवरील धरणे, विहिरी, बदललेली पीकपद्धती आणि पाटाच्या दुरुस्तीसाठी एकत्र येण्याची शिथिल झालेली सवय अशी त्याची अनेक कारणे होती. नियम सर्वांना ठाऊक असणे ही सामुदायिक व्यवस्थेची पहिली अट आहे. दरवर्षी गाळ काढण्यास माणसे येणे ही तिची दुसरी अट होय. सार्वजनिक परवान्याने लिनक्सच्या बाबतीत पहिली अट कायद्याने पक्की केली आहे. गाभ्याच्या प्रत्येक योगदात्याकडे आपापल्या ओळींचा लेखाधिकार असल्याने सर्वांच्या संमतीवाचून तो परवाना बदलणेही जवळजवळ अशक्य आहे. दुसरी अट मात्र कोणत्याही परवान्याने पुरी होत नाही. ती संहिता वाचू शकणाऱ्या व तिची निगा राखण्यास तयार असणाऱ्या माणसांवर, म्हणजेच अखेरीस शाळा, महाविद्यालये व विद्यापीठे यांतील शिक्षणावर अवलंबून राहते. १९७९ मध्ये वर्गात वाचण्यास मनाई झालेली गोष्ट आज कोणत्याही वर्गात वाचता येते, हे लिनक्सच्या इतिहासाचे फलित होय.